लाखाबाटा आणि मालगुजारी

छत्तीसगढच्या मैदानी प्रदेशातील शेतकरी जमिनीचे मुख्यतः चार प्रकार मानतात. काळी, ओल धरून ठेवणारी ती कन्हार. पिवळसर, भाताला मानवणारी ती मटासी. या दोहोंच्या मधली ती डोरसा. आणि उंचवट्यावरची, तांबडी, मुरमाड, पाऊस ओसरल्यावर गवताखेरीज फारसे काही न देणारी ती भाठा. महानदी आणि शिवनाथ या नद्यांच्या खोऱ्यात वसलेल्या एकेका गावाच्या शिवारात हे प्रकार शेजारीशेजारी आढळतात. ज्याच्या वाट्याला नुसती भाठा आली तो उपाशी राहणार आणि ज्याच्याकडे सखल भागातील कन्हार आहे तो अवर्षणातही तरणार, हे उघड होते. या नैसर्गिक विषमतेवर येथील ग्रामसमाजाने फार पूर्वी एक उपाय शोधून काढला होता. त्याचे नाव लाखाबाटा.

लाखाबाट्याची रीत अशी होती. गावातील प्रत्येक नांगरधारकाला प्रत्येक प्रतीच्या जमिनीचा थोडाथोडा तुकडा मिळे. त्यामुळे त्याची शेते शिवारभर विखुरलेली असत. काही वर्षांनी, किंवा नवी कुटुंबे गावात येऊन स्थिरावली म्हणजे, सारे शिवार पुन्हा एकत्र मानले जाई आणि नांगरांच्या संख्येनुसार त्याची नव्याने वाटणी होई. वाटणीचे काम गावाचा प्रमुख, म्हणजे गौंटिया, पाहत असे. सरकारचा सारा गावावर बसे आणि तो नांगरागणिक विभागला जाई. जमीन कोणाची, या प्रश्नापेक्षा यंदा ती कोणी कसायची आणि तिच्यावरचा भार कोणी किती उचलायचा, हा प्रश्न तेव्हा महत्त्वाचा होता. रशियातील ग्रामपंचायतीही आपल्या जमिनीची अशीच फेरवाटणी करीत असत, हे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे.

या व्यवस्थेला समतेचे सुवर्णयुग समजण्याचे मात्र कारण नाही. गौंटियाच्या स्वतःच्या शेतीला गावात विशेष स्थान होते. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला नांगराचा वाटा नाही, आणि म्हणून जमीनही नाही. असे लोक दुसऱ्याच्या शेतावर 'कमिया' म्हणून वर्षाच्या करारावर किंवा कर्जापोटी राबत, नाहीतर पिकाच्या हिश्शावर काम करणारे 'सौंजिया' होत. जातींच्या भिंती तर उभ्या होत्याच. गिरौदपुरीच्या गुरू घासीदासांनी सतनामपंथाच्या रूपाने मानवी समतेचा जो पुकार केला, तो याच भूमीत केला. तेथे समता नांदत असती तर त्या पुकाराची गरजच पडली नसती. तथापि एक गोष्ट मान्य करावी लागते. लाखाबाट्यामुळे विषमतेला काही मर्यादा होती. फेरवाटणीची शक्यता जिवंत होती तोवर कोणालाही गावाची उत्तम जमीन पिढ्यान्‌पिढ्या आपल्या नावे गोठवून ठेवता येत नव्हती.

रायपूर हे ज्या संपन्न भातप्रदेशाचे केंद्र आहे त्या प्रदेशात ही मर्यादा कशी नाहीशी झाली, हा केवळ स्थानिक महसुलाचा इतिहास नव्हे. मूठभरांच्या हाती संपत्ती एकवटते तेव्हा तिच्यामागे कर्तृत्व किंवा नशीब शोधण्याची सवय सर्वत्र दिसते. रायपूरच्या इतिहासात मात्र तिच्या मुळाशी एक नोंद सापडते. वसुली करणाऱ्याच्या नावापुढे 'मालक' हा शब्द लिहिला गेला आणि त्या शब्दाच्या आधाराने पुढच्या शंभर वर्षांचे अर्थकारण घडले. या कहाणीत मराठी माणसांचा सहभाग दोन्ही बाजूंनी आहे, म्हणून मराठी वाचकाला तिचे विशेष महत्त्व आहे.

नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत कोल्हटकर १७४१ साली बंगालच्या वाटेवर असताना रतनपूरच्या हैहयवंशी राजाला शरण आणून पुढे गेला. त्या काळी शिवनाथ नदीच्या उत्तरेस रतनपूरचे अठरा आणि दक्षिणेस रायपूरचे अठरा असे गढ मानले जात. गढाखाली चौऱ्यांशी किंवा बारा गावांचे गट आणि त्यांखाली गाव अशी ती उतरंड होती. १७५८ च्या सुमारास रघूजी भोसल्यांचे पुत्र बिंबाजी रतनपूरला येऊन राहिले आणि १७८७ पर्यंत त्यांनी तेथून कारभार केला. रतनपूरच्या टेकडीवरचे राममंदिर त्यांच्या काळाची आठवण देत आजही उभे आहे. बिंबाजींनी जुनी घडी फारशी विसकटली नाही. राज्यकर्ता त्याच प्रदेशात राहत होता आणि साऱ्याचे धान्य बव्हंशी तेथेच खर्च होत होते.

बिंबाजींच्या मृत्यूनंतर हे चित्र पालटले. व्यंकोजी भोसल्यांनी छत्तीसगढचा कारभार नागपुरातूनच पाहण्याचे ठरवले आणि प्रदेश सुभेदारांच्या स्वाधीन केला. विठ्ठल दिनकर या सुभेदाराच्या काळात जुने गढ मोडून परगण्यांची पद्धत आली. परगण्यावर कमाविसदार आला, फडणीस आला, हिशेबाचे बंद आले. गौंटिया मात्र राहिला, कारण त्याच्यावाचून गावातून धान्य बाहेर काढणे कोणालाच शक्य नव्हते. सुभेदाराला ठरलेली रक्कम नागपूरला पोहोचवायची होती. ती पोहोचवून जे उरेल ते त्याचे. साहजिकच मागणीचा ताण वरून खाली उतरत गेला. जे धान्य पूर्वी रतनपूरच्या दरबारात खर्ची पडत होते त्याचे मोल आता नागपूरच्या तिजोरीत जाऊ लागले.

असे असूनही भोसलेकालीन गौंटिया जमिनीचा मालक झाला नव्हता. तो वसुलीचा मक्ता घेणारा होता. अनेक ठिकाणी मक्ता बापाकडून मुलाकडे जाई, पण सरकारची रक्कम भरली नाही तर तो दुसऱ्याला देता येत असे. शिवाय त्याला रयतेची गरज होती. जमीन मुबलक आणि माणूस दुर्मीळ, अशा प्रदेशात फार पिळवणूक झाली की कुळे बैलजोडी घेऊन शेजारच्या गावात निघून जात. ज्या गौंटियाच्या गावात नांगर उरले नाहीत त्याच्या मक्त्याला किंमत राहत नसे. गाव सोडून जाण्याची ही मोकळीक दुबळ्यांच्या हातातील एकमेव शस्त्र होते, परंतु ते धारदार होते. दुसरी मर्यादा वाहतुकीची होती. बंजाऱ्यांच्या बैलतांड्यांवर जेवढा माल जाईल तेवढाच बाहेर जाणार. कोठारात साठवलेल्या भाताला बाजार नसेल तर तो साठवून श्रीमंत होण्याची वाटही अरुंदच राहते.

१८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसल्यांची सत्ता गेली आणि अल्पवयीन तिसऱ्या रघूजींच्या नावाने १८१८ ते १८३० पर्यंत इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभार पाहिला. छत्तीसगढचा अधिकारी म्हणून आलेल्या अ‍ॅग्न्यू याच्या काळात मुख्य ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. रायपूरच्या आजच्या महत्त्वाचा पाया तेव्हा घातला गेला. १८३० नंतर भोसल्यांचा अंमल पुन्हा आला, पण तो फार टिकला नाही. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले.

खालसा होऊन दोनच वर्षे झाली असताना धान्य कोणाचे, हा प्रश्न रायपूरच्या पूर्वेला अत्यंत उग्र स्वरूपात उभा राहिला. १८५६ साली दुष्काळ पडला. सोनाखानचे बिंझवार जमीनदार नारायणसिंह यांनी कसडोल येथील माखन नावाच्या व्यापाऱ्याकडे भुकेल्या लोकांसाठी धान्य मागितले. व्यापाऱ्याने नकार दिला. नारायणसिंहांनी कोठार फोडून धान्य वाटले आणि आपण काय केले व का केले हे स्वतःच इंग्रज अधिकाऱ्यांना कळवले. सरकारने या घटनेकडे दरोडा म्हणून पाहिले. ऑक्टोबर १८५६ मध्ये त्यांना पकडून रायपूरच्या तुरुंगात ठेवण्यात आले. ऑगस्ट १८५७ मध्ये ते तेथून निसटले, सोनाखानला त्यांनी सशस्त्र प्रतिकार उभा केला आणि अखेर १० डिसेंबर १८५७ रोजी त्यांना रायपुरात फाशी देण्यात आले. शहरातील जयस्तंभ चौक हीच ती जागा, अशी लोकांची श्रद्धा आहे.

या घटनेकडे १८५७ च्या उठावाचा एक प्रसंग म्हणून पाहण्याची प्रथा आहे आणि ती चुकीची नाही. परंतु तिचा आरंभ एका कोठाराच्या दाराशी झाला, हे विसरता कामा नये. जुन्या समजुतीप्रमाणे दुष्काळात साठ्यावर भुकेल्यांचा काही एक हक्क होता आणि तो मिळवून देणे हे जमीनदाराचे कर्तव्य होते. नव्या कायद्याप्रमाणे साठा ही मालकाची निरपवाद मालमत्ता होती आणि तिला हात लावणे हा गुन्हा होता. नारायणसिंहांनी आपले कृत्य लपवले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने लपवण्यासारखे त्यात काही नव्हते. मालकीच्या दोन कल्पना येथे समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि त्यांतील एक फासावर गेली.

१८६१ साली मध्य प्रांत निर्माण झाला. सर रिचर्ड टेम्पल यांच्या कारकिर्दीत प्रांतभर जमीनमहसुलाची पद्धतशीर मोजणी व आकारणी सुरू झाली. रायपूर जिल्ह्याच्या बंदोबस्ताचे काम ह्यूइट या अधिकाऱ्याने केले आणि त्याचा अहवाल १८६९ साली सिद्ध झाला. शेजारच्या बिलासपूरचे काम चिझम याने त्याच सुमारास पुरे केले. प्रत्येक शेताचा नकाशा झाला, प्रत्येक कुळाची नोंद झाली, जमिनीची प्रत ठरली. प्रशासकीय दृष्टीने हे काम खरोखर मोठे होते. पण त्याच कामात गावाच्या मक्तेदाराला, म्हणजे गौंटियाला, गावाचा मालक म्हणून मान्यता देण्यात आली. त्याचे नवे नाव मालगुजार. सरकारला निश्चित रक्कम भरण्याची जबाबदारी त्याची, आणि त्या बदल्यात गावावरचा मालकी हक्क त्याचा. हा हक्क वारसाने मिळणारा, विकता येणारा आणि गहाण टाकता येणारा होता.

मराठी वाचकाला या निर्णयाचे वेगळेपण दख्खनशी तुलना केल्यास लगेच जाणवेल. मुंबई इलाख्यात रयतवारी पद्धत आली. तेथे पाटील हा सरकारी वतनदार राहिला आणि सारा रयतेकडून थेट घेतला गेला. नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा आणि छत्तीसगढ या भागांत मात्र पाटलाच्या किंवा गौंटियाच्या जागी मालगुजार आला. भंडारा-गोंदिया परिसरातील जुने तलाव अजूनही 'मालगुजारी तलाव' या नावाने ओळखले जातात. रयतवारीने शेतकऱ्याला वाचवले असेही नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेले सावकारविरोधी दंगे आणि महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडलेली कैफियत त्याची साक्ष देतात. फरक एवढाच की, दख्खनच्या शेतकऱ्याची जमीन सावकाराला कर्जाच्या मार्गाने एकेक करून मिळवावी लागली. छत्तीसगढात गावेच्या गावे एका लेखणीच्या फटकाऱ्यासरशी मालकाच्या हवाली झाली.

हा सारा फेरफार कोणी दुष्ट हेतूने केला असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मालकी निश्चित झाली की मालक जमिनीत पैसा घालील, तलाव बांधील, शेती सुधारील, अशी त्या काळच्या अधिकाऱ्यांची प्रामाणिक धारणा होती. काही मालगुजारांनी तलाव बांधलेही. कुळांच्या संरक्षणासाठी मौरूसी हक्कांची तरतूद झाली, आणि १८८३ व १८९८ साली कुळकायदेही आले. परंतु लाखाबाट्याला या नव्या रचनेत जागा उरली नाही. शेताचा क्रमांक, त्याचा नकाशा आणि त्यापुढील नाव कायम झाल्यावर फेरवाटणी करायची कशाची? ज्या वर्षी मोजणीदाराची साखळी गावातून फिरली त्या वर्षी ज्याच्या हातात जे होते, ते त्याचे झाले. बैल मेले म्हणून त्या वर्षी शेत टाकून दिलेला माणूस कायमचा भूमिहीन ठरला. नोंदीपुढे रूढी हळूहळू मागे पडली.

मालकीचा कागद हातात आला तरी त्याला किंमत येण्यासाठी बाजार लागतो. तो रेल्वेने आणला. १८८० च्या दशकात नागपूरहून राजनांदगावपर्यंत लोहमार्ग आला. बंगाल-नागपूर रेल्वेने तो ताब्यात घेऊन रायपूर-बिलासपूरमार्गे पूर्वेकडे वाढवला आणि १८९१ साली नागपूर ते आसनसोल हा रस्ता खुला झाला. छत्तीसगढचा तांदूळ आता दूरच्या बाजारात जाऊ लागला आणि भाव चढले. तर्काने पाहता पिकवणाऱ्याचे दिवस पालटायला हवे होते. पण ज्याला कापणी होताच देणे फेडण्यासाठी धान विकावे लागते त्याला चढ्या भावाचा लाभ मिळत नाही. तो ज्याच्याकडे कोठार आहे आणि थांबण्याची ताकद आहे त्याला मिळतो. भाव चढल्यामुळे जमिनीलाही किंमत आली, आणि किंमत आल्यामुळे ती तारण म्हणून घेण्यास सावकार उत्सुक झाला. पूर्वी ज्या मालगुजाराला रयत टिकवण्याची काळजी होती त्याला आता कुळाने जमीन सोडली तर आनंदच होऊ लागला. तीच जमीन चढ्या खंडाने दुसऱ्याला देता येत असे किंवा घरच्या शेतीत सामील करता येत असे. दिवाणी न्यायालयांच्या हुकूमनाम्यांनी या हस्तांतराला गती दिली. भोळ्याभाबड्या जुन्या गौंटियांनीही आपली गावे व्यापारी आणि सावकार घराण्यांकडे गमावली. नागपूरकरांच्या अमदानीत या भागात आलेली काही मराठी कुटुंबेही मालगुजार झाली होती. रायपूर शहरात एकीकडे मोठे वाडे उठू लागले आणि दुसरीकडे गावोगावचे कमिये वाढू लागले.

या रचनेची परीक्षा १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी घेतली. दुसरा दुष्काळ संवत १९५६ मध्ये पडला म्हणून लोकांच्या तोंडी तो 'छप्पनचा अकाल' राहिला. १८९१ ते १९०१ या दशकात मध्य प्रांताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, यावरून त्या काळाचे भीषण स्वरूप कळते. ज्या रेल्वेने मदतीचे धान्य आणले तीच रेल्वे चढ्या भावाच्या ओढीने धान्य बाहेरही नेऊ शकत होती. दुष्काळ सरल्यावर वाचलेल्यांपैकी अनेकांच्या जमिनी त्यांच्या नावावर राहिल्या नाहीत.

या पार्श्वभूमीवर एका मराठी भाषकाने हिंदीत लिहिलेली एक छोटी कथा वाचली पाहिजे. पंडित माधवराव सप्रे यांचा जन्म १८७१ साली दमोह जिल्ह्यातील पथरिया येथला, शिक्षण बिलासपूर-रायपूरचे, घरची भाषा मराठी. जानेवारी १९०० मध्ये, म्हणजे दुष्काळ ऐन भरात असताना, त्यांनी पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. रामराव चिंचोलकर आणि वामन बळीराम लाखे हे त्यांचे सहकारी होते. याच मासिकात १९०१ साली 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा प्रसिद्ध झाली. हिंदीतील पहिल्या कथांमध्ये तिची गणना होते आणि पहिली कोणती या वादात तिचे नाव अटळपणे येते. पण तिच्या विषयाकडे या वादात पुरेसे लक्ष गेलेले नाही.

कथेत एका जमीनदाराला आपल्या महालाचे आवार वाढवायचे आहे आणि आड येते एका अनाथ विधवेची झोपडी. तो वकिलांच्या मदतीने न्यायालयातून झोपडीचा ताबा मिळवतो. म्हातारी एक टोपलीभर माती मागायला येते. त्या मातीची चूल करून नातीला भाकरी करून घालायची, एवढेच तिचे मागणे. टोपली भरल्यावर ती जमीनदारालाच हात लावायला सांगते आणि त्याला ती उचलत नाही. एक टोपली उचलवत नाही तर साऱ्या झोपडीच्या मातीचे ओझे जन्मभर कसे वाहणार, या तिच्या प्रश्नाने तो वरमतो व झोपडी परत करतो.

कथेचा शेवट आदर्शवादी आहे, असा आक्षेप घेता येईल. रायपूरच्या आसपासच्या मालगुजारांपैकी किती जणांनी अशी झोपडी परत केली असती, हा प्रश्नच आहे. पण सप्र्यांची नजर अचूक ठिकाणी पडली आहे. त्यांचा जमीनदार लाठी घेऊन येत नाही. तो वकील घेऊन येतो. झोपडी बळाने हिसकावली जात नाही, ती कायद्याने जाते. बंदोबस्तानंतरच्या छत्तीसगढात संपत्ती कोणत्या मार्गाने एका हातातून दुसऱ्या हातात जात होती, याचे इतके नेमके चित्र महसुली अहवालांच्या पानांतही क्वचितच सापडेल. सप्रे हे अर्थशास्त्राचे अभ्यासक होते. काशीच्या नागरी प्रचारिणी सभेच्या वैज्ञानिक कोशासाठी अर्थशास्त्राच्या परिभाषेचे काम त्यांनी केले. पुढे १९०७ साली त्यांनी नागपुरातून 'हिंदी केसरी' काढला, टिळकांचे 'गीतारहस्य' आणि समर्थांचा 'दासबोध' हिंदीत आणला, आणि १९२६ साली रायपुरातच त्यांचे निधन झाले.

त्यांचे सहकारी वामन बळीराम लाखे यांनी याच प्रश्नाला व्यवहाराच्या बाजूने हात घातला. १९१३ साली रायपुरात सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली, तिच्यामागे लाखे यांची खटपट होती. शेतकऱ्याच्या हातून जमीन कर्जापायी जात असेल तर कर्जाची वाटच बदलली पाहिजे, हा त्यामागचा विचार. मालगुजारीच्या भिंतीला सहकाराने धक्का लावला असे म्हणता येणार नाही, आणि ज्याच्याकडे तारणच नाही अशा कमियापर्यंत बँकेचा हात पोहोचणे कठीणच होते. तरीही पैशाचा प्रवाह सावकाराच्या ओसरीवरून संस्थेच्या कचेरीकडे वळवण्याचा या प्रदेशातील तो पहिला मोठा प्रयत्न होता. १९२० साली धमतरी तहसिलीतील कंडेल गावच्या शेतकऱ्यांनी कालव्याच्या पाण्यावरील दंडाविरुद्ध सत्याग्रह केला. छोटेलाल श्रीवास्तव आणि पंडित सुंदरलाल शर्मा यांच्याबरोबर नारायणराव मेघावाले यांचेही नाव त्या लढ्याशी जोडलेले आहे. सरकारने जनावरे जप्त केली, पण बाजारात त्यांची बोली लावायला कोणी पुढे आले नाही.

दरम्यान लाखाबाट्याचा एक विचित्र अवशेष मागे उरला होता. फेरवाटणी थांबली, पण विखुरलेले तुकडे तसेच राहिले. न्याय्य वाटणीसाठी पाडलेले हे तुकडे आता त्या हेतूला पारखे होऊन नुसता अडथळा ठरले. एका शेतकऱ्याची शेते शिवाराच्या चारी कोपऱ्यांत, आणि वारसांच्या वाटण्यांनी ती आणखी बारीक होत चाललेली. अखेर १९२८ साली मध्य प्रांतात शेतांच्या एकत्रीकरणाचा कायदा करावा लागला आणि तो आरंभी छत्तीसगढ विभागाला लागू झाला. पूर्वजांनी समानतेसाठी जे पाडले ते वंशजांना कार्यक्षमतेसाठी जोडावे लागले. एकत्रीकरणाने शेते जुळली. शेते नसलेल्यांचा प्रश्न त्याच्या कक्षेत नव्हता.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात मालकी हक्कांच्या निर्मूलनाचा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून तो अमलात आला. सुमारे नव्वद वर्षांपूर्वी लिहिलेला 'मालक' हा शब्द पुसला गेला. हा बदल लहान नव्हता: नजराणे, वेठ, गावाच्या जंगल-तलावांवरची मक्तेदारी यांचा कायदेशीर आधार संपला आणि असंख्य कुळांचा संबंध थेट सरकारशी जुळला. पण मालगुजारांच्या घरच्या शेतीची जमीन त्यांच्याकडे राहिली आणि हक्क गेल्याबद्दल त्यांना नुकसानभरपाई मिळाली. ज्यांच्या हाती उत्तम जमीन, रोकड आणि शिक्षण होते त्यांनी भातगिरण्या, व्यापार, वाहतूक व राजकारण यांत पाय रोवले. कमाल जमीनधारणेचा कायदा १९६० साली आला. गावात 'दाऊ' आणि 'गौंटिया' ही आदराची संबोधने कायद्याच्या पुस्तकातून गेल्यावरही टिकून राहिली.

या संपत्तीचा दानधर्माकडे वळलेला प्रवाहही नोंदला पाहिजे. तरेंगाचे मालगुजार दाऊ कल्याणसिंह यांच्या देणगीतून रायपूरचे मोठे सरकारी रुग्णालय उभे राहिले. २००० साली छत्तीसगढ राज्य झाले तेव्हा नव्या राज्याचे मंत्रालय याच इमारतीत थाटले गेले आणि २०१२ पर्यंत ते तेथे होते. नंतर वास्तू पुन्हा रुग्णसेवेकडे आली. एका मालगुजाराचे दान एका राज्याला कचेरी पुरवू शकले, यात दात्याचे औदार्य तर आहेच, पण पूर्वीच्या व्यवस्थेत एका घराण्याच्या हाती किती साठले होते याचे मापही आहे. दानाने गरिबाला औषध मिळते. खंड किती असावा हे ठरवण्यात त्याला वाटा मिळत नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संपत्तीचा उगम शेताकडून खाणीकडे आणि भट्टीकडे सरकला. १९५९ साली भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली. त्यानंतर रायपूरभोवती उरला आणि सिलतरा येथे उद्योगक्षेत्रे वाढली. सार्वजनिक कारखान्यातील कायम कामगाराला घर, शाळा आणि दवाखाना मिळाला. पण त्याच कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली-राजहऱ्याच्या खाणीत कंत्राटी मजूर वेगळ्याच जगात राहत होता. या मजुरांना १९७७ पासून शंकर गुहा नियोगी यांनी संघटित केले. सोनाखानच्या नारायणसिंहांची स्मृती याच श्रमिक चळवळीने पुन्हा लोकांसमोर आणली, हे अर्थपूर्ण आहे. भिलाईच्या खासगी कारखान्यांतील कामगारांसाठी पुरेशा वेतनाचा लढा चालू असताना २८ सप्टेंबर १९९१ रोजी नियोगींची झोपेत गोळी घालून हत्या झाली. कंत्राटी कामगाराची स्थिती कमियाशी तंतोतंत जुळत नाही. तरी एक साम्य डोळ्यांत भरते: ज्याच्या श्रमावर उत्पादन उभे आहे त्याचे नाव या वेळीही नोंदीबाहेरच होते.

आता देशाच्या पातळीवरचे आकडे पाहावेत. भारतातील प्राप्तिकराच्या नोंदी आणि इतर पाहण्या यांवरून १९२२ पासूनच्या शतकाचा आढावा घेणारा एक अभ्यास जागतिक विषमतेवर काम करणाऱ्या अर्थतज्ज्ञांनी २०२४ साली प्रसिद्ध केला. त्यानुसार १९८० च्या दशकाच्या आरंभी सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा सहा टक्क्यांच्या आसपास उतरला होता. २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के झाला, आणि संपत्तीतील त्यांचा वाटा ४०.१ टक्के. उत्पन्नाचा हा वाटा इंग्रजी अमदानीतील पातळीपेक्षाही अधिक असल्याचे त्या अभ्यासकांचे म्हणणे आहे. दुसरीकडे तेंडुलकर समितीच्या पद्धतीने काढलेल्या २०११-१२ च्या अंदाजात छत्तीसगढमधील ३९.९३ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, आणि देशातील राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. लोखंड, कोळसा, चुनखडी आणि भात यांनी भरलेल्या प्रदेशाची ही स्थिती होती. देशातील मोठ्या भाग्यवंतांची यादी आणि ही टक्केवारी एकाच देशाची आहेत, हे समजून घ्यायला आकडे पुरेसे नाहीत. त्यासाठी इतिहास लागतो.

प्राप्तिकराचे कागद मालगुजारांविषयी फारसे काही सांगू शकत नाहीत, कारण शेतीचे उत्पन्न त्या कराबाहेर होते. त्यांची श्रीमंती पाहायची तर बंदोबस्ताच्या मिसली आणि न्यायालयांचे हुकूमनामे उलगडावे लागतात. त्या कागदांत गावाचे नाव, मालगुजाराचे नाव, कुळांची नावे आणि प्रत्येक शेताची प्रत ओळीने लिहिलेली असते: कन्हार, मटासी, डोरसा, भाठा. एकाच कुळाच्या नावापुढे चारही प्रतींचे लहान लहान तुकडे दिसले की तेथे कधीकाळी लाखाबाटा झाला होता हे जाणकाराला ओळखता येते. पुढच्या बंदोबस्तात तेच तुकडे बहुधा एकेका नावाखाली गोळा होत गेलेले दिसतात. त्यात ज्यांची नावे गळाली त्यांचे काय झाले याची नोंद ठेवण्यासाठी त्या कागदांत रकाना नव्हता.